शंभर युनिटांची चूल

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी गेल्या पावसाळ्यात एक दिवस काम आटोपल्यावरही निघाल्या नाहीत. पदराच्या गाठीतून चार घड्या केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "साहेब, तुमी बँकेत होते ना जी. हे बिल एवढं कसं आलं, जरा पाहून देता काय?"

मी कादंबऱ्या लिहितो हे मावशींच्या लेखी काम नव्हे. बँकेत होतो, एवढीच काय ती माझी पुण्याई. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी कागद समोर आला की हात आपोआप चष्म्याकडे जातो. बिल पाहिले. आदल्या महिन्यात वापर ६७ युनिटांचा आणि या महिन्यात १५१. मीटर पळतो आहे की काय, अशी शंका आली. विचारले, घरात नवीन काही आणले का?

आणले होते. मुलगा यवतमाळातच एका दुकानात कामाला आहे. तिथून त्याने स्वस्तात एक इंडक्शन शेगडी आणली होती. लोहाऱ्याकडच्या वस्तीत त्यांचे टिनाचे घर आहे. पावसाळ्यात तुराट्या-पऱ्हाट्या ओल्या, चूल पेटता पेटत नाही, आणि सिलिंडर संपला की एकरकमी पैसे हाताशी नसतात. सुनेला दम्याचा त्रास. शेगडी आली तशी घरात धूर राहिला नाही. "लय सुख झालं होतं जी," मावशी म्हणाल्या, "पन हे बिल पाहून पोरगा म्हने, आता बंद कर थे."

कागद परत द्यायचा आणि 'वापर वाढला म्हणून बिल वाढले' म्हणून मोकळे व्हायचे, हे सोपे होते. बँकेत असताना अशी उत्तरे मी पुष्कळ दिली. पण त्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि हिशेब जसजसा पुढे सरकला तसतसा मीच अस्वस्थ होत गेलो. तो हिशेब वाचकांपुढे मांडतो. आकड्यांचा कंटाळा येणाऱ्यांनी थोडा धीर धरावा, कारण गोष्ट या आकड्यांतच आहे.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातली उष्णता विजेच्या मापाने मोजली तर १८० युनिटांच्या आसपास भरते. पण ज्योतीची बरीचशी धग भांड्याच्या कडेने निघून जाते, कामी येते ती साधारण साठ टक्के. इंडक्शनमध्ये भांड्याचे बूडच तापते, त्यामुळे वाया जाणारी वीज फार तर पंधरा टक्के. एवढे जुळवले की एक सिलिंडर म्हणजे सव्वाशे ते एकशे तीस युनिटे. मावशींचा सिलिंडर दीड महिना पुरतो. म्हणजे महिन्याच्या स्वयंपाकाला ८५ युनिटे. बिलात वाढलेली युनिटे ८४. मीटर बिचारा खरे बोलत होता.

आता पैसे. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडरमागे ५० रुपये वाढले, त्यानंतर आपल्याकडचा भाव साडेआठशे ते नऊशेच्या दरम्यान राहिला. आपण ८८० धरू. दीड महिना चालला तर महिन्याला ५८७ रुपये. त्याच वर्षीची विजेची बिले पाहिली, तर वहन आकार आणि वीजशुल्क मिळून पहिल्या १०० युनिटांना युनिटमागे सात रुपयांच्या आसपास पडतात, आणि १०१ ते ३०० या टप्प्यात तेराच्या आसपास. ८४ युनिटे सात रुपयांनी घेतली तर होतात ५८८ रुपये. म्हणजे गॅसइतकेच. पण मावशींच्या घरचे दिवे, पंखे, टीव्ही आणि मुलाचा मोबाइल यांनी पहिल्या शंभरातली ६७ युनिटे आधीच खाल्ली होती. स्वयंपाकाला स्वस्तातली ३३ युनिटे उरली, आणि बाकीची ५१ दुपटीच्या दरात पडली. एकूण नऊशेच्या जवळ. गॅसपेक्षा महिन्याला तीनशे रुपये जास्त.

गॅस आणि वीज यांची तुलना करणारे पुष्कळ लेख मी वाचले आहेत. त्यांत सरासरी दर धरलेला असतो. गरिबाच्या घरी सरासरी राहत नाही. त्याच्याकडे शंभरावे युनिट राहते, आणि त्यानंतरचे एकशे एकावे.

टप्प्याटप्प्याने दर वाढवण्यामागची कल्पना वाईट नव्हती. थोडी वीज वापरणारा तो गरीब, जास्त वापरणारा तो सुखवस्तू. ज्या काळात विजेवर फक्त दिवे, पंखे आणि श्रीमंताच्या घरी गिझर चालत असे, त्या काळात हे बरोबरच होते. पण चूल विजेवर आली की गरीबही जास्त वीज वापरणारा होतो, आणि नियमाच्या नजरेत तो एका रात्रीत सुखवस्तू ठरतो. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांचा वेगळा दर आहे, त्याची गंमत तर याहून मोठी. तो अगदी नाममात्र आहे, पण वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत हवा. महिन्याला ३०. तो ओलांडला की पुढच्या वर्षी ते घर सर्वसाधारण ग्राहकांत जाते. आपण वर पाहिले की नुसत्या स्वयंपाकाला ८५ लागतात. म्हणजे त्या घरातल्या बाईने शेगडी लावली, तर तिचा दिवासुद्धा महाग होणार.

माझी नोकरी सुरू झाली ती ऐंशीच्या दशकात, तेव्हा गोबरगॅसचे दिवस होते. १९८१-८२ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम होता. आधी लोखंडी टोपाचे संयंत्र, मग १९८४ च्या सुमाराला घुमटाचे 'दीनबंधू' आले. अनुदान सरकारचे, कर्ज बँकेचे आणि उद्दिष्ट आमच्या डोक्यावर. मार्चअखेर जवळ आली की आम्ही फटफटीवरून गावे पालथी घालायचो. संयंत्राची टाकी बांधली, फोटो निघाला, अनुदान जमा झाले की आमच्या लेखी प्रकरण संपले. दोन जनावरे दुष्काळात विकली गेली तर शेण कुठून येणार, उन्हाळ्यात बाई प्यायचे पाणी दोन कोसांवरून आणते तर शेण कालवायला पाणी कुठून, हे त्या अर्जात कुठल्याच रकान्यात विचारलेले नव्हते. पुढे त्यांतल्या काही गावांतून गेलो तेव्हा एका टाकीत तुराट्या रचून ठेवलेल्या पाहिल्या. ज्याच्या अर्जावर माझी सही होती त्याने मोठ्या आदराने चहा पाजला. चहा चुलीवरचा होता.

उज्ज्वला योजनेची गोष्ट पुष्कळ मोठी आणि पुष्कळ चांगली आहे. १ मे २०१६ ला बलिया येथे ती सुरू झाली आणि दहा कोटींवर घरांत गॅस पोहोचला. पण पहिल्या काही वर्षांत याही योजनेने तोच अनुभव घेतला. शेगडी फुकट मिळाली तरी सिलिंडर दर वेळी भरावा लागतो. २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी तीनच सिलिंडर लागत होते. मग २०२२ मध्ये सिलिंडरमागे २०० रुपयांचे अनुदान आले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झाले, आणि २०२४-२५ पर्यंत ही सरासरी साडेचारच्या जवळ आली. म्हणजे लोकांना गॅस नको होता असे नाही. परवडू लागला तसा वापर वाढला. तरीही वर्षाला साडेचार सिलिंडरांत पाच माणसांचा सगळा स्वयंपाक होत नाही. उरलेला चुलीवरच होतो.

आपल्या जिल्ह्यात चुलीची किंमत नुसत्या धुराने मोजून भागत नाही. राळेगाव-पांढरकवडा भागात तेरा माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले ती वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. तिच्या दहशतीच्या काळात तिकडच्या गावांत सरपणाला जाणे म्हणजे काय होते, हे त्या बायांनाच विचारावे. जंगलाला लागून असलेल्या गावांना वनखाते जन-वन विकास योजनेतून अनुदानावर गॅस देते, त्यामागे हाच विचार आहे. बाई जंगलात गेलीच नाही तर वाघाची आणि तिची गाठ पडण्याचे कारण नाही.

मग आता गॅसवरून विजेवर जा, असे का म्हणतात? कारण देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसचा निम्म्याहून बराच मोठा वाटा बाहेरून येतो, मुख्यतः आखातातून. तिकडे काही बिनसले की आपल्या ओट्यावर ते जाणवते. वीज मात्र घरची करता येते. गॅसवर अनुदान देण्यापेक्षा विजेच्या शेगडीवर का देऊ नये, असा प्रश्न फेब्रुवारी २०२१ मध्ये 'गो इलेक्ट्रिक' मोहिमेच्या वेळी आपल्या विदर्भाच्याच नितीन गडकरींनी विचारला होता. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ऊर्जाबचत कंपनीने २० लाख इंडक्शन शेगड्या वाटण्याचा कार्यक्रम जाहीर केला. गडकरींचा प्रश्न योग्य होता. माझे म्हणणे एवढेच की शेगडी ही त्यातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. दीड-दोन हजारांची शेगडी फुकट दिली आणि दर महिन्याचे बिल तसेच ठेवले, तर गोबरगॅसच्या टाकीसारखी तीही कशाच्या तरी साठवणीला उपयोगी पडेल.

शेगडीच्या आधी आणि नंतर बरेच काही लागते. आमच्या सौभाग्यवतींनी घरी इंडक्शन आणले तेव्हा पहिल्या आठवड्यातच निम्मी भांडी माळ्यावर गेली. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते भांडे चालते. मावशींच्या घरी सगळे जर्मनचे गंज. मुलाने शेगडीबरोबर स्टीलचे एक पातेले आणि एक कुकर आणला, ते हजार-दीड हजार वेगळे. तवा गोल बुडाचा, तो चालत नाही. सपाट तवा घेतला तर भाकर एका अंगाने होते, पण फुगायला जाळ लागतो. ज्वारीची भाकर तव्यावरून काढून निखाऱ्याशी टेकवली की जी टम्म फुगते, ती काचेवर फुगत नाही. आमच्याकडे त्यावर तोड निघाली ती अशी, की वरण, भात, भाजी, चहा विजेवर आणि भाकर गॅसवर. लाल तापणारी, कुठलेही भांडे चालणारी इन्फ्रारेड शेगडीही मिळते, तिच्यावर भाकर बऱ्यापैकी जमते असे सौ.चे मत आहे. 'बऱ्यापैकी' हा शब्द त्यांनी जरा थांबून वापरला. भरिताच्या वांग्याचा तर विषयच काढू नये. ते तुराट्यांच्या जाळावरच भाजावे आणि तसेच खावे. वर्षातून चार वेळा तेवढा धूर कुणालाही सोसेल.

आंघोळीच्या पाण्याचा विचार मात्र योजना आखणाऱ्यांपैकी कुणी केलेला दिसत नाही. खेड्यात चुलीवर अर्धे लाकूड पाण्यालाच जात असेल, विशेषतः थंडीत. गॅस आला तरी अंगणातली पाण्याची चूल राहिली, आणि वीज आली तरी राहील.

शिवाय वायरिंग. मावशींच्या घरातली तार दिवा-पंख्याच्या मापाची आहे. त्यावर दीड-दोन हजार वॉटची शेगडी लावली की प्लग काळा पडतो. अर्थिंग नाही, आणि घर टिनाचे. मी मुलाला आधी इलेक्ट्रिशियन बोलावून १५ अँपिअरचा वेगळा प्लग आणि अर्थिंग करून घ्यायला लावले. एका घराचे हे झाले. गावातल्या शंभर घरांनी संध्याकाळी सातला एकदम शेगड्या लावल्या तर डीपीचे काय होईल, ते कुठल्याही गावकऱ्याला विचारा. भारनियमनाची दहा-बारा तासांची वर्षे आपण पाहिली आहेत. आता तसे दिवस राहिले नाहीत, तरी वादळात गेलेली वीज खेड्यात कधी येईल हे अजूनही सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांचा गॅस काढून घ्या असे कुणी म्हणू लागले, तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. घरात दोन्ही हवेत, निदान आणखी बरीच वर्षे.

आणि ही वीज तरी कुठली? वणीचा कोळसा वीजकेंद्रांत जातो. वणीतून बसने गेलेल्या माणसाला रस्त्यावरच्या काळ्या धुळीबद्दल सांगायला नको. विजेच्या चुलीला धूर नसतो असे म्हणताना तो धूर दुसऱ्याच्या अंगणात गेला आहे, एवढे लक्षात ठेवलेले बरे. उन्हाची वीज वाढते आहे, हे खरे. तिला दुपारी गिऱ्हाईक हवे म्हणून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसाच्या वापरावर सवलत सुरू झाली, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. योजना शहाणपणाची आहे. फक्त त्या वेळात मजुरीला जाणारी बाई कपाशीच्या वावरात असते. तिची चूल पहाटे पाचला पेटते आणि रात्री सातला.

इथे मला स्वतःविषयी सांगणे भाग आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत घरांच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्याची केंद्राची योजना आली. मी ते बसवले. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान माझ्या खात्यात जमा झाले. घर माझ्या नावावर, स्लॅब पक्का, उरलेली रक्कम भरायला निवृत्तीची पुंजी. आता आमचा स्वयंपाक विजेवर जवळजवळ फुकटात होतो. मावशींच्या घराला टिनाचे छप्पर आणि जागेचा कागद नाही. शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकांसाठी राज्याने २०२५ मध्ये जादा अनुदानाची योजना काढली आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटसाठी जेमतेम अडीच हजार भरावे लागतील अशी तिची आखणी आहे. फार चांगली योजना, पण पॅनेल ठेवायला छप्पर तर हवे. मावशींच्या गॅसचे कार्ड वारलेल्या नवऱ्याच्या नावावर, म्हणून उज्ज्वलाचे ३०० रुपयेही नाहीत. ज्यांना ते मिळतात त्यांनी गॅस सोडून वीज वापरली, तर तेही जातात. सरकारने मला गॅस सोडायला ७८,००० दिले. गरिबाने गॅस सोडला तर त्याचे ३०० काढून घेतले जातात. यात कुणाची लबाडी नाही. दोन योजना दोन खात्यांनी केल्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख नाही, एवढेच.

मार्ग कुणी शोधलाच नाही असेही नाही. आपल्या अमरावती जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशातला बैतूल जिल्हा आहे. तिथल्या बांचा या सुमारे पंच्याहत्तर घरांच्या आदिवासी गावात २०१८ पर्यंत घरोघर सौर विजेवरची इंडक्शन शेगडी बसली. रचना मुंबईच्या आयआयटीची आणि पैसा ओएनजीसीचा. दिवसाचे ऊन बॅटरीत साठवायचे आणि पहाटे-संध्याकाळी त्यावर स्वयंपाक. वेळेचा प्रश्न तिथे सुटला. पण सगळा संच देणगीतून आला होता, आणि जुन्या बँकवाल्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हाच, की बॅटरी बदलायची वेळ आल्यावर खर्च कुणी करायचा?

दुसरे उदाहरण फार लांबचे आहे, दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाचे. २०१४ मध्ये त्यांनी तीस लाख घरे गॅसवरून इंडक्शनवर न्यायचे ठरवले. शेगडीचा हप्ता विजेच्या बिलातून, आणि स्वयंपाकासाठी महिन्याला ८० युनिटे मोफत. हा ८० चा आकडा वाचला तेव्हा मला मावशींचे ८४ आठवले. तिथे कुणीतरी चुलीपाशी बसून हिशेब केला होता. तरी तो कार्यक्रम सात लाख घरांच्या आसपासच थांबला. कारण तिथला सिलिंडर सरकारी अनुदानामुळे इतका स्वस्त होता की लोकांना बदलायची गरजच वाटली नाही. आपल्याकडे सिलिंडर तेवढा स्वस्त नाही. म्हणून वीज थोडी जरी परवडली तरी लोक आपणहून येतील असे मला वाटते.

आपल्याकडे सगळे मोफत करावे असे मी म्हणत नाही. फुकटच्या गोष्टीचे काय होते ते मी पाहिले आहे. पण गॅसवरचे ३०० रुपये त्या बाईला हवे तर विजेच्या बिलात घेता यावेत. ज्या घरी स्वयंपाक विजेवर होतो तिथे पहिला टप्पा शंभराऐवजी एकशे ऐंशीपर्यंत न्यावा, आणि दारिद्र्यरेषेच्या ३६० युनिटांत चुलीची युनिटे धरू नयेत. शेगडी, दोन भांडी, वेगळा प्लग आणि अर्थिंग यांचा मिळून चार-पाच हजारांचा खर्च बिलातून शे-दीडशेच्या हप्त्याने फिटू शकतो. एलईडी दिवे २०१५ पासून असेच हप्त्याने दिले गेले होते. पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न नियामक आयोगापुढे कुणीतरी विचारेलच. २०१५ मध्ये सुखवस्तू घरांना गॅसचे अनुदान सोडा असे आवाहन झाले आणि एक कोटीहून अधिक घरांनी ते सोडले. मीही सोडले होते, आणि त्यात मला काही तोशीस पडली नाही. छपरावर पॅनेल असलेल्या माझ्यासारख्यांकडे पुन्हा एकदा मागून पाहायला हरकत नाही.

हे सगळे मी मावशींना सांगितले नाही. त्यांना बिलाचे उत्तर हवे होते. त्यांच्या घरच्या कालनिर्णयावर मी एक आकडा लिहून दिला. रीडिंग घेतल्यावर मीटर जिथे असेल त्यात शंभर मिळवायचे, आणि तो आकडा येईपर्यंत शेगडी वापरायची. आला की बंद. मग गॅस. म्हणजे शेगडीची वीज गॅसच्या भावातच पडते आणि सिलिंडर दीडऐवजी जवळजवळ अडीच महिने जातो. सहावीतली नात रोज संध्याकाळी मीटर वाचून पाटीवर आकडा लिहिते. चूल अजून आहे, पण अंगणात, पाण्यापुरती.

गेल्या महिन्याचे बिल त्यांनी पुन्हा आणून दाखवले. वापर ९७ युनिटे. मी शाबासकी दिली. त्या कागदाकडे पाहत उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "मंग साहेब, वरची तीन वाया गेली काय जी?"